जात्याच्या दगडाने दिलेली साक्ष

मागच्या आठवड्यात अकोले तालुक्यातल्या आपल्या एका गटात जात्याला टाकी लावायला माणूस बोलावला होता. जातं गुळगुळीत झालं की नागलीचं पीठ नीट पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ठकठक चालली होती, अंगणभर काळा चुरा उडाला होता. तेवढ्यात एका ताईंची दहावीतली मुलगी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक घेऊन आली आणि तो चुऱ्यावरून फिरवला. चुंबकाला बारीक काळ्या मिशा फुटल्या! आम्हाला वाटलं, टाकीचं लोखंड झिजून पडलं असेल. पोरगी हुशार. ओढ्यावर गेली, मूठभर वाळू वाळवून आणली, तिच्यावर चुंबक फिरवला. तिथंही काळे कण चिकटले. तिथं तर टाकी नव्हती.

शाळेत विचारलं तर "परीक्षेला नाही ते विचारू नकोस" असं उत्तर मिळालं म्हणे. मग मी तिला शब्द दिला की रेडिओवर सांगते. वाचत गेले तसं कळलं की गोष्ट फार मोठी आहे. जमीन जागची हलते की नाही, यावर जगातल्या शास्त्रज्ञांचं जवळजवळ पन्नास वर्षं भांडण चाललं होतं, आणि त्यात एक साक्षीदार होता आपला हा काळा दगड.

आधी दगडाचं सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांचा आहे. रतनगडाकडे किंवा सांदण दरीत गेलात तर कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात, तेच हे थर. १६४६ मीटरचं आपलं कळसूबाईचं शिखरही त्याचंच. इंग्रज अभ्यासकांनी या दगडाला 'ट्रॅप' म्हटलं. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला. विहीर खणताना मुरूम संपल्यावर सुरुंग लावावा लागतो तो कातळ, देवळाचा पाषाण, घरातला पाटा-वरवंटा, सगळा हाच दगड.

या दगडात लोखंडाचं एक खनिज बारीक कणांनी असतं, मॅग्नेटाइट. चुंबकाला चिकटलं ते तेच. लाव्हा तापलेला असताना त्यात चुंबकपणा टिकत नाही. थंड होत होत तो साधारण ५८० अंशांच्या खाली आला की कणांमध्ये त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा उमटते आणि तशीच राहते. कण जागचे हलत नाहीत, दिशा मात्र गोठते. आपण विरजण लावतो तेव्हा भांडं कललेलं राहिलं तर सकाळी काय होतं? भांडं सरळ केलं तरी दह्याचा कल तसाच दिसतो, आणि रात्री भांडं कसं होतं ते ओळखता येतं. दगडाचंही तसंच.

आता हा कल कशाचा? चुंबकाची सुई मध्यावर दोऱ्याने टांगली तर पृथ्वीच्या पोटाजवळ, म्हणजे विषुववृत्ताच्या आसपास, ती जवळजवळ आडवी राहते. ध्रुवाकडे जावं तशी ती जास्त जास्त झुकते आणि ध्रुवावर उभी होते. म्हणून दगडातल्या दिशेचा कल मोजला की तो दगड थिजला तेव्हा विषुववृत्तापासून किती लांब होता ते निघतं.

आता भांडणाकडे येऊ. १९१२ साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडलं की सगळे खंड पूर्वी एकत्र होते आणि नंतर ते सरकत लांब गेले. १९१५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही काढलं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात हे तर नकाशात मुलांनाही दिसतं. पण त्यांच्याकडे त्याहून भक्कम पुरावे होते. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या जुन्या झाडाच्या पानांचे ठसे दगडात सापडतात. ते आपल्याकडे नागपूरजवळ कामठीला मिळाले, तसेच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही. त्या जुन्या एकत्र भूमीचं नाव तर आपल्या मध्य भारतातल्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलं, गोंडवन.

तरी मोठ्या मोठ्या भूशास्त्रज्ञांनी वेगेनरना उडवून लावलं. ते मूळचे हवामानाचे अभ्यासक, म्हणून बाहेरचा माणूस आपल्याला काय शिकवतो, हा ताठा त्यात होताच. पण सगळाच ताठा नव्हता, हेही सांगायला हवं. ते विचारत होते की एवढी जमीन ढकलतं कोण? वेगेनर यांनी पृथ्वीच्या फिरण्याचं आणि चंद्रसूर्याच्या ओढीचं कारण दिलं, ते फारच कमी पडत होतं. आपणही गटात कर्जाचा अर्ज आला की "पैसे फेडणार कशातून?" हे विचारतोच, आणि ते विचारणं बरोबरच आहे. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फात वारले. त्यांचं म्हणणं तेव्हा बहुतेकांनी बाजूला टाकलेलंच होतं.

मग आपला दगड पुढे आला, तोही आडवाटेने. मँचेस्टरला ब्लॅकेट नावाचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ होते. फिरणारी कोणतीही जड वस्तू चुंबक बनते असं त्यांना वाटत होतं. ते तपासायला त्यांनी अतिशय नाजूक मोजयंत्र बनवलं आणि १५ किलो शुद्ध सोन्याचा दंडगोल ठोकळा घेतला. (पंधरा किलो! आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा पुढचं कुणी ऐकेना.) अंदाज चुकला. १९५२ मध्ये त्यांनी ते मोकळेपणी छापलं आणि तशा यंत्राने दगडांतला जुना चुंबकपणा मोजायला घेतला. त्याच सुमारास केंब्रिजला एडवर्ड आयर्विंग हा विद्यार्थी भारतातून मागवलेले दगड मोजत होता. त्याला आढळलं की भारत सुमारे ६००० किलोमीटर उत्तरेला सरकला आहे आणि सरकताना थोडा वळलाही आहे. त्याचा प्रबंध १९५४ मध्ये नापास झाला. पुढे हाच माणूस जगात नावाजला गेला.

१९५६ मध्ये लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या दगडांची मोजणी छापली. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम धरलं, आणि डॉइच यांच्याबरोबर १९५९ मध्ये दख्खनच्या दगडांवर लेख लिहिला. सगळ्यांचा निकाल एकाच बाजूला जात होता: हा लाव्हा थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला. म्हणजे कळसूबाईचा कातळ समुद्रापलीकडे जन्मला आणि जमिनीसकट इथवर आला.

तरी शंका संपल्या नाहीत. दगडावर वीज पडली असेल, दिशा नंतर बदलली असेल, असं म्हणणारे होते. खरी गाठ सुटली ती समुद्राच्या तळाशी. आणि तिथं एक बाई आहे.

अमेरिकेत मेरी थार्प समुद्राच्या खोलीच्या आकड्यांवरून तळाचे नकाशे काढत. बाई म्हणून त्यांना जहाजावर जाऊ देत नसत. पुरुष आकडे आणत, त्या कागदावर उतरवत. १९५२-५३ मध्ये त्यांना दिसलं की अटलांटिकच्या तळाशी डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्यावर खोल भेग आहे, जणू जमीन तिथं उकलते आहे. सहकारी हीझेन यांनी ते "पोरींच्या गप्पा" म्हणून झटकलं. पुढे भूकंपाच्या जागा नकाशावर मांडल्या तेव्हा त्या नेमक्या त्या भेगेवर आल्या, आणि हीझेननाही मान्य करावं लागलं.

इथं मला राहवत नाही म्हणून सांगते. आमच्या एका गटाने दोन उन्हाळे विहिरीत गाठी मारलेला दोर सोडून पाणी मोजलं, तारखेसह वहीत लिहिलं. ग्रामसभेत वही काढली तर मागून आवाज आला, "बायकांच्या वहीवर कुठं टँकर मंजूर होतो का?" वही अजून आहे. या उन्हाळ्याचेही आकडे चढताहेत.

शेवटची कडी आपल्याच समुद्रातली. पृथ्वीचा चुंबक लाखो वर्षांनी उलटतो, उत्तरेचा दक्षिण होतो. १९६३ मध्ये केंब्रिजच्या व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी अरबी समुद्राच्या पलीकडच्या कार्ल्सबर्ग डोंगररांगेवरची मोजणी पाहिली. तळावर सुलट-उलट चुंबकाचे पट्टे होते. त्यांनी सांगितलं, भेगेतून लाव्हा वर येतो, थिजतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि चुंबक उलटला की नवा पट्टा पडतो. पुढच्या तीन-चार वर्षांत इतर समुद्रांतही तसेच पट्टे दिसले, ते रांगेच्या दोन्ही बाजूंना सारखे निघाले. "ढकलतं कोण" हे विचारणाऱ्यांना आता खंड एकटे नांगरासारखे समुद्र फाडत जायची गरज उरली नाही. समुद्राचा तळच नवा बनत होता आणि जमीन त्याच्याबरोबर वाहत होती. १९६८ पर्यंत बहुतेकांनी मान्य केलं. थार्पबाईंनाही त्याच साली जहाजावर जायला मिळालं.

आपली भूमी अजूनही वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर उत्तरेला सरकते, बोटभरापेक्षा कमी. त्या रेट्यानेच हिमालय उभा राहिला.

तर मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे. तुम्हीही करून बघा: ओढ्याची वाळू कडक उन्हात वाळवा, चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा म्हणजे कण काढायला सोपं जातं, आणि वाळूवर सावकाश फिरवा. मुलांना जवळ बसवा. पुढच्या बैठकीला ते कण पुडीत घेऊन या, कुणाच्या ओढ्यात जास्त निघतात ते पाहू.