इंजिनाचा रंग आणि रंगाखालचे काम



मोटारीचे इंजिन रंगविणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका कोणाच्या मनात येईल. पण या कामात एक विलक्षण विषमता आहे. प्रत्यक्ष रंग देण्यास तास-दोन तास पुरतात. त्याआधी घासण्यास मात्र दिवसच्या दिवस लागतात. असे का, आणि त्या घासण्यात कोणते धोके आहेत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

जुन्या मोटारींच्या इंजिनाचा ब्लॉक बहुधा बिडाचा असतो. तो वाळूच्या साच्यात ओतलेला असल्यामुळे त्याचे अंग खरबरीत असते आणि साच्याच्या सांध्यावर धातूची कड उरते. रंगाचे दोन हात जास्त दिले की हे सारे झाकले जाईल, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तसे होत नाही. ओला रंग सपाट दिसतो खरा; परंतु त्यात बराच भाग थिनरचा असतो. थिनर उडून गेला की थर आकसतो. ओरखड्यावर थर जाड असतो, म्हणून तेथे तो अधिक आकसतो आणि दडलेला ओरखडा पुन्हा वर येतो. सारवल्याने जमिनीचा खळगा बुजत नाही, तशातलाच हा प्रकार. गुळगुळीतपणा रंगात नसतो, तो रंगाखाली असावा लागतो.

पहिले काम मात्र घासण्याचे नव्हे, धुण्याचे. तेलकट धातू घासला तर तेल ओरखड्यांत भरते. रॉकेलने काजळी निघते, पण रॉकेल स्वतःचा तेलकट पापुद्रा मागे ठेवते. म्हणून त्यानंतर साबण व गरम पाणी वापरावे. मग भागावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पसरले तर धातू स्वच्छ झाला. ते तुटून त्याचे थेंब झाले तर तेल शिल्लक आहे असे समजावे.

आता पॉलिश पेपर. त्याचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक. ८० नंबरचा कण सुमारे ०.२ मिलिमीटरचा, तर ४०० नंबरचा सुमारे ०.०३५ मिलिमीटरचा असतो. रंगाचा सुकलेला एक हात साधारणपणे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो. ८० नंबरच्या ओरखड्यापुढे त्याची मात्रा चालणार कशी? म्हणून कड कानशीने काढल्यावर ८०, १२०, १८०, २४० अशा पायऱ्यांनीच जावे. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे मागचे ओरखडे पुसले गेले की नाही ते दिसते. पण उघडा धातू आरशासारखा चकचकीतही करू नये. रंगाला धरावयास काही खरबरीतपणा लागतो. तो नसला तर पोपडे निघतात. त्यापुढचे बारीक घासणे अस्तरावर, ३२० ते ४०० नंबरच्या वॉटर पेपरने करावे.

अस्तर देण्यास उशीर करू नये. उघड्या बिडावर दमट हवेत काही तासांतच गंज धरतो. टॅपेट कव्हर ॲल्युमिनियमचे असेल तर त्याला त्या धातूसाठी केलेलेच अस्तर हवे. बॉडीसाठी वापरतात ती लांबी इंजिनावर भरू नये. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. लांबीचे प्रसरण आणखी वेगळे, म्हणून ती तडकते. रंगही जागा पाहून निवडावा. ब्लॉकचे तापमान साधारणतः आतल्या पाण्याबरोबर १०० अंशांच्या आसपास राहते. तेथे इंजिनासाठीचे इनॅमल टिकते. धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड मात्र कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. त्याला सिलिकोनयुक्त रंगच हवा.

कोठे घासू नये, हे जाणणे याहून महत्त्वाचे. गॅस्केट जेथे बसते ते सपाट तोंड, सिलिंडरची आतली भिंत, बेअरिंगच्या बैठकी आणि आटे यांना पेपरही लागू नये आणि रंगही. गॅस्केटखाली रंगाचा थर राहिला तर उष्णतेने तो दबतो, बोल्ट सैल पडतात आणि तेल पाझरते. पेपरचा काळा कण सिलिकॉन कार्बाइडचा असतो. तो बिडाहून कठीण. तेलाच्या वाटेत असे कण राहिले तर ते बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसतात आणि फिरत्या दांड्याला खात राहतात. म्हणून भोके आधी बुजवावी, आणि घासून झाल्यावर तेलाच्या वाटा ब्रशने धुऊन काढाव्या. बाहेरून देखणे झालेले इंजिन आतून खलास झाले, तर त्या रंगाचे काय करावयाचे?

जी धूळ बेअरिंगला खाते, ती माणसाच्या छातीत गेल्यावर काय करीत असेल? जुन्या रंगांत शिसे असे आणि कोरडे घासताना ते श्वासावाटे शरीरात जाई. पाण्यात भिजवून वापरता येईल असा पेपर अमेरिकेत १९२१ साली बाजारात आला, तो मोटारी रंगविणाऱ्यांना मोठा वरदायी ठरला. ओल्या घासण्यात धूळ उडत नाही. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी रंगातील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली. पण ती घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरती. जुन्या इंजिनावरचा थर कशाचा आहे, हे नजरेने ओळखता येत नाही. तेव्हा तो ओलाच घासावा, तोंडावर योग्य मास्क असावा, आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. कारागिराकडून काम करवून घेणाऱ्यानेही चकाकी पाहण्यापूर्वी एवढे विचारावे, की हे घासलेस ते कोरडे की ओले?