किनाऱ्याचा चित्रकार : पीटर लॅन्यन

‘हें चित्र आहे तरी कशाचें?’ अमूर्त चित्रापुढें उभा राहिलेला सुशिक्षित गृहस्थ बहुधा हाच प्रश्न करतो, आणि उत्तर न मिळाल्यास चित्रकाराला वेड्यांत काढून मोकळा होतो. प्रश्न अनुचित मुळींच नाहीं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास असलेल्या कॉर्नवॉल प्रांतांतील पीटर लॅन्यन याच्या चित्रांना तर तो अवश्य विचारावा. तेथें त्यास उत्तर मिळतें.

लॅन्यन १९१८ सालीं सेंट आइव्ह्ज या समुद्रकांठच्या गांवीं जन्मला. दुसऱ्या महायुद्धांत विमानदळांत यांत्रिकाचें काम करून तो घरीं परतला, आणि पुढें जन्मभर बहुतेक त्याच किनाऱ्याचीं चित्रें काढीत राहिला.

त्याचें १९५१ सालचें ‘पोर्थलेव्हन’ पाहा. आठ फूट उंचीचा, चार फूट रुंदीचा उभा पट. त्या गांवाला आंतलें व बाहेरचें अशीं दोन बंदरें आहेत आणि घड्याळाचा एक मनोरा. आपण गांव पाहतों तें एका जागीं खिळून नव्हे. टेकडीवरून छपरें दिसतात, धक्क्यावरून पाणी, गल्लींतून नुसती भिंत. हें सारें हिंडणें लॅन्यननें एका पटावर आणलें आहे. चित्रापूर्वीं तो पुष्कळदां कांचेसारखे तुकडे जोडून लहान रचना करी व त्यांच्या साह्यानें जागेचा अंदाज घेई. तेव्हां यास लहर कसें म्हणावें?

‘सेंट जस्ट’ (१९५३) हें मला याहून थोर वाटतें. त्या बाजूस समुद्राखालीं गेलेल्या कथलाच्या खाणी होत्या. १९१९ च्या ऑक्टोबरांत लेव्हंट खाणींत कामगारांना वर-खालीं नेणारें यंत्र तुटलें आणि ३१ माणसें मेलीं. चित्रांत हिरव्या भूमीच्या मधोमध काळी उभी रेघ आहे. ती खाणीची विहीर, आणि क्रूसाचा खांबही. माणूस एकही काढलेला नाहीं, तरी शोक स्पष्ट आहे.

१९५९ मध्यें भूप्रदेशाची अधिक पूर्ण ओळख व्हावी म्हणून तो यंत्रावांचून तरंगणारें विमान चालवावयास शिकला. उन्हानें तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढते. आपल्याकडील घारी तिच्याच आधारानें पंख न हलवितां घिरट्या घालतात. ‘थर्मल’ (१९६०) हें चित्र त्या हवेचें आहे. येथें रघुवंशाचा तेरावा सर्ग आठवल्यावांचून राहत नाहीं : पुष्पकांतून राम सीतेला समुद्र व किनारा दाखवितो तो. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंत खालीं उतरूं लागतांच पृथ्वीच वर येत असल्याचा भास कालिदासानें वर्णिला आहे. कवीला जें कल्पनेनें साधलें, तें या गृहस्थानें देह धोक्यांत घालून पाहिलें.

धोका खराच ठरला. १९६४ च्या ऑगस्टांत डेव्हन परगण्यांत त्याच्या विमानास अपघात झाला आणि ३१ तारखेस, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तो निवर्तला.

चार वर्षांनीं, १९६८ मध्यें, लंडनच्या टेट चित्रशाळेंत त्याच्या सर्व कारकीर्दीचें प्रदर्शन भरलें. असें कालक्रमानें पाहिलें म्हणजे दिसतें कीं, प्रथम तो जमिनीवरून चालतो, मग तिच्या पोटांत शिरतो, शेवटीं वर उडतो. किनारा मात्र तोच. सेंट आइव्ह्ज येथील टेटच्या शाखेनेंही २०१० सालीं असेंच प्रदर्शन मांडलें. ती इमारत पोर्थमिअरच्या पुळणीसमोरच उभी आहे. तेथें चित्रावरून नजर काढून खिडकीकडे वळलें कीं समुद्र समोर असतो.