वाहता कान अंगावर काढू नका: पार्से गावातल्या अंगणवाडीचा एक दिवस

सकाळी ६

जुलै लागला की दिवसाचा पहिला फोन बहुधा एखाद्या आईचा असतो. आजचाही तसाच. "बाई, रात्रभर रडत होता. कडेवर घेऊन फिरलं की गप्प, खाली निजवलं की परत सुरू. सारखा कान ओढतोय."

बाळ अकरा महिन्यांचं. चार दिवस नाक गळत होतं, काल संध्याकाळपासून अंग तापलंय. आडवं झालं की कानातला ठणका वाढतो, म्हणून हे दुखणं रात्रीच उचल खातं. मोठं मूल "कान दुखतो" म्हणून सांगतं. तान्हं फक्त रडतं, कान ओढतं आणि दूध ओढता ओढता मध्येच तोंड सोडतं, कारण चोखताना, गिळताना कळ येते.

"लसणीचं तेल घालू का?" ती विचारते.

"काही म्हणजे काही घालू नकोस. पाजत राहा आणि सकाळीच तुयेच्या इस्पितळात घेऊन जा. डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय कानाचं खरं कळत नाही."

सकाळी ८

अंगणवाडीकडे जाताना छत्री उलटी होईल असा वारा. शेतांत तरव्याची लावणी चालू आहे, बायका इरलं-प्लास्टिक पांघरून वाकलेल्या. लावणीच्या दिवसांत घरातली पोरं आजीच्या हवाली असतात. म्हणून या महिन्यात मी आयांइतकंच आज्यांशीही बोलते.

सगळ्यांना एकच गोष्ट आधी सांगावी लागते: कानाचं हे दुखणं बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, नाकातून येतं. मधल्या कानातून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या अंगाला, एक बारीक नळी जाते. कानात हवा खेळती ठेवणं आणि आतला ओलावा खाली सोडणं हे तिचं काम. मोठ्या माणसात ही नळी उतरत्या पन्हळीसारखी असते. लहान मुलात ती आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने तिचं तोंड सुजलं की पाणी आतच साचतं, त्यात जंतू वाढतात, पू होतो, पडदा फुगतो. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सगळ्यात जास्त होतं. पहिली तीन वर्षं सरेपर्यंत बहुतेक मुलांना एकदा तरी हा त्रास होऊन जातो. मूल वाढतं तशी नळीही लांब आणि तिरकी होत जाते आणि त्रास कमी होतो. पण तोपर्यंतची वर्षं सांभाळायची असतात.

सकाळी ९

मुलं येतात. दारात पायपुसणं, पलीकडे पाण्याची बादली आणि साबण. हात धुतल्याशिवाय कुणी बसायचं नाही. जितकी सर्दी कमी तितके कान बरे, हे मी आयांना पुन्हा पुन्हा सांगते, आणि सर्दी हातांवरूनही पसरते. ताप असलेलं मूल घरी ठेवा, हेही सांगते. लावणीच्या दिवसांत ते सोपं नसतं, हे मला माहीत आहे. तरी शेजारणी एकमेकींची मुलं बघतात.

मग नाक शिंकरायचा धडा. एक नाकपुडी बोटाने दाबायची, तोंड मिटायचं, दुसरीतून हळू फुंकायचं. मग बाजू बदलायची. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तर नाकातला शेंबूड उलटा नळीतून कानाकडे जाऊ शकतो. तीन वर्षांच्या मुलांनाही हे जमतं, त्यांना खेळ वाटतो. ज्यांना अजून जमत नाही त्यांचं नाक मऊ ओल्या कपड्याने पुसून घ्यायचं.

सकाळी साडेदहा

आज कुजबुजीचा खेळ. मुलगा माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. एक कान त्याने स्वतःच्या बोटाने बंद करायचा. मी मागे हातभर अंतरावर उभी राहून कुजबुजते: "काजू." तो ओरडतो, "काजू!" "फणस." "फणस!" मग दुसरा कान. बाकीच्यांनी तोंडावर बोट ठेवून ऐकायचं.

साडेचार वर्षांच्या एका मुलीला उजव्या कानाने दोनदा ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा ती मान वळवून माझ्या ओठांकडे बघते. ही मुलगी गेले काही दिवस गप्प झाली होती. गोष्ट सांगताना पुढे सरकून बसते, हाक मारली तर "काय?" म्हणते. घरचे म्हणतात, हट्टी झालीय, टीव्ही मोठा लावते. पण यामागचं कारण वेगळं असू शकतं. संसर्ग बरा झाला, ताप उतरला, तरी पडद्यामागे पाणी राहू शकतं. दुखत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक मुलांत तीन महिन्यांत ते आपोआप ओसरतं. ओसरलं नाही तर मात्र मूल महिनोन्महिने अर्धंमुर्धं ऐकत राहतं, आणि बोलायला, शब्द शिकायला हीच वर्षं असतात.

मी कानाची तपासणी करत नाही, तो माझा अधिकारही नाही. शंका आली की नाव वहीत लिहिते आणि डॉक्टरांकडे पाठवते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि कानाचे आजार व ऐकू कमी येणं हे त्या यादीत आहे. पण दोन तपासण्यांच्या मधले महिने मुलाकडे रोज बघणाऱ्यांनीच बघायचे असतात.

दुपारी १२

मुलांचं जेवण आटोपतं आणि लसीकरणासाठी उपकेंद्राच्या नर्सबाई येतात. गोव्यात आशा सेविका नाहीत, त्यामुळे घरोघरी पोचायचं बरंचसं काम त्यांच्याकडे आणि आमच्याकडे आहे.

न्युमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी वेळापत्रकात मोफत मिळते: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. न्युमोनिया आणि मेंदूज्वरासाठी ती आहे, पण कानात पू करणाऱ्या जंतूंमधला एक मोठा जंतूही तोच, न्युमोकोकस. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि मग दीड वर्षाच्या सुमारास. गोवरानंतर कान फुटणं ही जुनी ओळखीची गोष्ट, आणि गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळ बहिरं जन्माला येऊ शकतं. मी प्रत्येक कार्ड उघडून नऊ महिन्यांचा डोस बघते. बाळ आता मोठं झालं म्हणून नेमका तोच राहून जातो.

रांगेतल्या आयांना आणखी दोन गोष्टी. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यातून आईची रोगाशी लढायची ताकद बाळाला मिळते. आणि बाटली द्यावीच लागली तर बाळाला निजवून, तोंडात बाटली खुपसून ठेवायची नाही. डोकं वर धरून, मांडीवर घेऊन पाजायचं, नाहीतर दूध त्या आडव्या नळीकडे जातं.

दुपारी ३

घरभेटी. पहिल्या घरात न्हाणीचं चुलाण पेटलेलं, ओली लाकडं, घरभर धूर आणि धुरातच पाळणा. मी पाळणा आधी दुसऱ्या खोलीत हलवायला लावते. धुराने नाक आणि ती नळी सुजते. विडी-सिगारेटचा धूर तर त्याहून वाईट. घरच्या पुरुषांना मी स्पष्ट सांगते, अंगणात जाऊन ओढली तरी कपड्यांना, हातांना धूर चिकटून घरात येतो. सोडलेलीच बरी.

दुसऱ्या घरात पाच वर्षांचा मुलगा. उशीवर पिवळा डाग, कानात कापसाचा बोळा. आजी म्हणते, "आमच्या वेळी सगळ्यांचेच कान फुटायचे बाई. मोठी झाली की थांबतात."

"आजी, थांबतात काहींचे. पण पडद्याला भोक राहिलं तर ऐकू कमी येतं, ते कायमचंही होऊ शकतं. आणि हा बोळा आधी काढू या. आतला पू आतच कुजतो."

साबणाने हात धुते. स्वच्छ मऊ सुती कापडाची पट्टी घेऊन तिची वात वळते, टोक मऊ आणि बोथट. मुलाचा कान हळूच मागे ओढून वात फक्त कानाच्या तोंडाशी ठेवते. पुवाने भिजली की काढून टाकायची, नवी घ्यायची. कोरडी निघेपर्यंत असंच. चौथी वात कोरडी निघते. दिवसातून तीनदा तरी हे करायचं आणि कान कोरडा झाल्यावरच डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचे, नाहीतर औषध पुवावर तरंगतं, आत पोचत नाही. काडी, पिन, कानातल्या कापूस-काड्या यातलं काही वापरायचं नाही. तेल नाही, कांद्याचा रस नाही, आईचं दूधही नाही. आंघोळीत पाणी जाऊ द्यायचं नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारते. आजी बोटं मोजते: चौदा दिवसांच्या वर. इतके दिवस वाहणारा कान म्हणजे जुनाट दुखणं, ते तज्ज्ञांनीच बघायला हवं. तुयेहून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवतात. थोडाच पण घाण वास येणारा पू असेल तर अजिबात थांबायचं नाही.

सकाळी फोन केलेली आई शेवटच्या घरात भेटते. तुयेला जाऊन आलीय. डॉक्टरांनी यंत्राने बघितलं, पडदा लाल आणि फुगलेला. अँटिबायोटिक आणि तापाचं औषध दिलंय. बाळ झोपलंय. "दोन दिवसांत हसायला लागेल," मी म्हणते, "तेव्हा औषध बंद करू नकोस. लिहून दिलेत तितके दिवस पूर्ण दे." दोन वर्षांवरच्या मुलाला दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतात. ते त्यांनी ठरवायचं. उरलेलं औषध पुढच्या वेळी किंवा शेजारच्या पोराला द्यायचं नाही.

संध्याकाळी ५

वाटेत झरीवर शाळेची मुलं डुंबतायत. त्यांचा कान दुखतो तो वेगळ्या जागी: पडद्याच्या बाहेर, कानाच्या ओल्या बाहेरच्या वाटेत. कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा दाबला की कळ येते, ही त्याची खूण. पावसाळ्याच्या दमटपणात कानात बुरशीही धरते आणि खाज सुटते. उपाय साधा: पाण्यातून आल्यावर मान कलती करून पाणी गळू द्यायचं, पंचाच्या टोकाने बाहेरूनच पुसायचं. आधीच कान वाहणाऱ्याने पाण्यात उतरायचंच नाही.

रात्री ८

नोंदवह्या भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मुलांमधल्या श्रवणदोषापैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो. त्या टाळण्यातला मोठा वाटा दवाखान्यात नाही, घरात आणि अंगणवाडीत आहे: वेळेवर लस, आईचं दूध, धूर नसलेली खोली, धुतलेले हात, कोरडा कान आणि हाक मारल्यावर मूल वळतं का याकडे लक्ष.

झोपण्याआधी आयांच्या ग्रुपवर एक निरोप टाकते. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान ताठ झाली, मूल सारखं उलट्या करतंय किंवा गुंगीत आहे, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आणि कानाची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकी कुणाचाही कान वाहत असेल तर तो वयाचा भाग समजून सोडू नका. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे.

उद्या सकाळच्या बसने मी त्या साडेचार वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला तुयेला घेऊन जाणार आहे. आजीला निरोप दिलाय: नातवाला तयार ठेवा, तोही आमच्याबरोबर येतोय.