डोंगराआड वॉकीटॉकी मुकी का होते? समजून घ्या जंगलातील संपर्काचे गणित

मुंबई-कोलकाता महामार्ग सडक अर्जुनी तालुक्यातून जातो. त्याच्या उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगावचे जंगल आहे. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे हे दोन मुख्य भाग. टेकड्या आणि दाट झाडीमुळे इथे अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. अशा वेळी गस्तीवरील वनकर्मचाऱ्याचा आधार म्हणजे हातातला वायरलेस सेट, अर्थात वॉकीटॉकी.

संपर्क किती मोलाचा?

एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा परिसरात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. वारा फिरला की आगीची दिशा काही मिनिटांत बदलते. पुढे गेलेल्यांना ते दिसत नाही, टेकडीवरच्या माणसाला दिसते. त्याचा ‘मागे फिरा’ हा निरोप वेळेत पोहोचणे म्हणूनच महत्त्वाचे.

खोक्यावर ‘१० किमी’ लिहिलेले, मग अडते कुठे?

वॉकीटॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट, मोकळ्या जमिनीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या दोन सेटमध्ये ही रेषा जेमतेम १० किलोमीटर टिकते. पुढे पृथ्वीची गोलाईच आड येते. मध्ये टेकडी आली, तर दोन किलोमीटरवरही आवाज तुटतो. ओली, दाट पाने लहरी शोषून घेतात. त्यामुळे पावसाळ्यात पल्ला आणखी घटतो.

जास्त वॅटचा सेट घेतला तर?

फारसा फरक पडत नाही. उंचीने मात्र पडतो. एक सेट १०० मीटर उंच माथ्यावर नेला, तर हीच सरळ रेषा सुमारे ४६ किलोमीटरपर्यंत लांबते. म्हणूनच ‘रिपीटर’ उंच जागी बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर आवाज घेतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक ताकदीने पुढे पाठवतो. रिपीटर बंद पडला, तर टेकडीवर थांबलेला माणूस दोन्हीकडचे निरोप तोंडी पुढे देऊ शकतो.

वापरताना काय लक्षात ठेवावे?

- अँटेना उभी धरा. आवाज तुटला तर काही पावले चढावर जा.
- बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
- एका वेळी एकच जण बोलू शकतो. बोलून झाले की ‘ओव्हर’ म्हणा.
- आधी ठिकाण सांगा, मग घटना. संपर्क तुटला तरी कुठे जायचे ते कळते.
- ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा.
- संपर्काच्या वेळा निघण्यापूर्वीच ठरवा. वेळ टळली, तर शोध कोण सुरू करणार हेही ठरलेले हवे.

कुणीही वॉकीटॉकी विकत घेऊ शकतो का?

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील, ठरवून दिलेल्या कमी शक्तीच्या सेटना परवान्यातून सूट आहे. वन विभाग किंवा पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर मात्र परस्पर बोलता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती न देता असे सेट विकल्याबद्दल ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या. त्यामुळे ट्रेकसाठी सेट घेताना आधी फ्रिक्वेन्सी तपासा. आणि जिथे जायचे आहे, त्याच डोंगरात तो एकदा चालवून पाहा.