कुटुमसरला जायचं तर...

छत्तीसगडमधल्या बस्तरचं कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान 1982 साली घोषित झालं. कुटुमसर (कोटमसर) ही चुनखडीची गुहा त्याच जंगलात, जगदलपूरपासून साधारण तासाभरावर आहे. आपल्याकडून जाताना नागपूर-रायपूरमार्गे जगदलपूर गाठावं. रायपूरपासून पुढचा रस्ता सुमारे 300 किलोमीटरचा आहे.

पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं आणि ती बंद असते. दिवाळीनंतरचे, थंडीचे महिने उत्तम. तरीही निघण्याआधी वन खात्याकडे चौकशी करावीच.

आत गाइडशिवाय सोडत नाहीत, आणि तेच योग्य आहे. तोंड इतकं अरुंद की अंग चोरून खाली उतरावं लागतं. पायऱ्या ओल्या, आत मिट्ट काळोख आणि दमट उकाडा. पकड असलेले बूट घाला. दमा किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी बाहेरच थांबावं.

छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांना हात लावू नका. बोटांचा तेलकटपणा तिथे बसला की पाण्यातला चुना धरत नाही आणि हजारो वर्षं चाललेली वाढ त्या जागी खुंटते.

डबक्यांवर प्रकाश रोखू नका. तिथे फिकट, जवळजवळ आंधळे मासे राहतात. याच जातीचे म्हणून ओळखले जाणारे डोळस मासे पुण्याकडच्या नद्यांतही सापडतात. काळोखात पिढ्यान्‌पिढ्या राहून इथल्यांचे डोळे आक्रसले. माझ्या मते, एवढ्या लांब जायचं ते या माशांसाठीच.

वेळ उरला तर तीरथगडचा धबधबा जवळच आहे.