एका काचेत प्रकाशाच्या अनेक वाटा : मल्टीमोड ऑप्टिकल फायबर



ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची केबल आली की चौथीच्या वर्गात प्रश्न हमखास येतो, "बाई, त्या वायरीत करंट असतो का?" काचेच्या तंतूत करंट नसतो, तिथे प्रकाश धावतो. पण या तंतूंच्या दोन जाती आहेत, सिंगलमोड आणि मल्टीमोड. शाळेत इंटरनेट घेताना त्यातला फरक माहीत नसला तर पैसे वाया जातात. म्हणून आज मल्टीमोड समजून घेऊ या.

दोन्ही तंतूंची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. फरक आहे तो आतल्या गाभ्यात. सिंगलमोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, तर मल्टीमोडचा ५० (जुन्या केबलमध्ये ६२.५). गाभ्याभोवतीची काच थोडी वेगळी असते, त्यामुळे तिरका आलेला प्रकाश बाहेर न पडता परत आत वळतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

गाभा रुंद असला की प्रकाशाला अनेक वाटा मिळतात. अशी एकेक वाट म्हणजे एक 'मोड'. शाळा सुटल्यावर काही मुलं सरळ घरी जातात, काही कुंपणाला हात लावत नागमोडी. सुटतात एकदम, पोचतात मात्र मागंपुढं. प्रकाशाच्या ठिपक्याचंही तसंच होतं. तो पसरतो आणि पुढच्या ठिपक्यात मिसळतो. अंतर जितकं जास्त, तितका गोंधळ जास्त. यावरचा उपाय मला फार आवडतो. गाभ्याची काच मध्यभागी जास्त घन आणि कडेला क्रमाने विरळ ठेवतात. कडेने लांबची वाट घेणारा प्रकाश तिथं जास्त वेगाने जातो आणि बहुतेक सगळे जवळजवळ बरोबर पोचतात!

तरीही मर्यादा राहतेच. ओएम-३ प्रकारची केबल १० गिगाबिट वेगाने ३०० मीटर चालते, ओएम-४ ४०० मीटर. म्हणून मल्टीमोडची जागा एका इमारतीत, कॉलेजच्या आवारात किंवा डेटा सेंटरमध्ये. तांब्याची नेटवर्क केबल तर १०० मीटरलाच थांबते.

आता पैशाची गोष्ट. पंचायतीपर्यंत आलेली केबल सिंगलमोड असते. तिला पुढे शाळेपर्यंत मल्टीमोडचा तुकडा जोडला तर ९ मायक्रॉनमधून ५० मध्ये प्रकाश सहज शिरतो, पण परत येताना ५० मधला बराचसा प्रकाश ९ मध्ये मावतच नाही. घागरीतलं पाणी बाटलीत ओतावं तसं. त्यामुळे दुकानात आधी विचारा, आणि केबलवरचा मजकूर वाचा. आतल्या जोडकेबलींत सिंगलमोड बहुधा पिवळी, जुनी मल्टीमोड नारिंगी आणि ओएम-३ हिरवट-निळी असते.

मग शाळेच्या दोन इमारतींमध्ये तांबं का नको? अलिबागकरांना याचं उत्तर घरचंच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली, तिथं १९०४ पासून नोंदी होत आहेत. विजेचा असा त्रास काचेतल्या प्रकाशाला होत नाही. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजेचा झटकाही काच पुढे नेत नाही. फक्त केबलला धातूचं आवरण असेल तर त्याचं अर्थिंग करून घ्या. खारा वारा काचेला गंजवत नाही, पण जोडांवरची टोपणं मात्र बंद ठेवावी लागतात. अर्थात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जसे खांब आडवे झाले, तशा वेळी खांबावरची कुठलीही केबल तुटणारच. आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांना वीज लागतेच, हेही धरून चाला.

वर्गात दाखवायचं असेल तर पारदर्शक बाटलीच्या बाजूला भोक पाडून पाणी भरा. समोरच्या बाजूने लेझर टॉर्च भोकावर धरा, टॉर्च मात्र स्वतःच्याच हातात ठेवा. खाली वाकणाऱ्या धारेबरोबर प्रकाशही वाकतो! खऱ्या केबलच्या टोकात मात्र मुलांना डोकावू देऊ नका. मल्टीमोडमध्ये बहुधा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश असतो, तो तीव्र असला तरी डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही.