गोळीचा वेग आणि रडार

डोळ्याला न दिसणाऱ्या गोळीचा वेग मोजावा कसा? १७४२ साली इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी टांगत्या लोलकावर गोळी झाडून, त्याच्या झोक्यावरून वेग काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पण तेथे गोळीचा प्रवासच संपे. रडार तिला अडवीत नाही. ते सेकंदाला, समजा, २४ अब्ज कंपनांच्या लहरी सोडते. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर उतरतो, तद्वत दूर जाणाऱ्या गोळीवरून परतलेल्या लहरींची कंपने घटतात. ती १,२८,००० ने घटली, की वेग सेकंदाला ८०० मीटर! हवेच्या विरोधाने तो पुढे कसकसा मंदावतो, हेही कळते. आणि गोळी कोठे पडेल, हे त्यावरच ठरते. मात्र रडार तिरपे ठेवले, तर वेग कमी भरतो. यंत्र अचूक असले, तरी ते मांडणारा हातही दक्ष हवा.